तीन पंख्यांचा उन्हाळा

माळ्यावरून कूलर खाली उतरला की आमच्या घरात उन्हाळा लागला असं समजायचं. यंदाही तो उतरला. जुनं गवत उपसताना पिवळा चुरा अंगभर उडाला, नव्या गवताच्या जाळ्या बसल्या, टाकीत पाणी पडलं आणि तो पहिला ओलसर, रानटी वास घरात शिरला. बाहेर अकरा वाजायच्या आतच रस्ते विरळ झालेत. डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा ओढणीत बांधलेल्या बायका स्कूटरवरून सुसाट निघून जातात. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज लांबवरून येतो. जळगावात या दिवसांत माणसं एकमेकांना खुशाली विचारत नाहीत, "काल किती होतं?" एवढंच विचारतात. किती म्हणजे पारा, हे सांगावं लागत नाही.

मला हे दिवस आवडतात असं मी म्हटलं, तर माझ्या स्टाफरूममध्ये मला वेड्यात काढतील. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. उन्हाळा म्हणजे आमच्यासाठी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, घामानं कागदाला चिकटणारं मनगट आणि दुपारची जड झोप. तरीही कूलर पहिल्यांदा घरघरला की माझ्या अंगातून एक शिरशिरी जाते. काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मी आणि माझी नणंद रोहिणी, आम्ही दोघींनी मिळून एका कॉम्प्युटरसाठी तीन पंखे निवडले. सांगायला एवढीच गोष्ट. पण एवढ्या उत्साहानं मी आयुष्यात दुसरं काही निवडलं असेल असं वाटत नाही. लग्नाचा शालूसुद्धा नाही.

रोहिणी त्या मार्चमध्ये पुण्याहून कायमची परत आली. तिचं लग्न मोडलं होतं आणि ज्या स्टुडिओत ती अॅनिमेशनचं काम करायची तोही बंद पडला होता. ती आली तेव्हा टेम्पोतून दोन बॅगा उतरल्या आणि रजयांमध्ये गुंडाळलेला एक काचेचा पेटारा उतरला. बॅगा तिच्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, उचलल्या, पेटाऱ्याला तिने कोणाला हात लावू दिला नाही. तो तिचा कॉम्प्युटर. काचेतून आत बघितलं तर पारदर्शक नळ्या आणि त्यांतून हळू वाहणारं निळसर पाणी. माझे सासरे आबा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"कम्प्युटरले बी पानी पाजतस का आते?" त्यांनी विचारलं.

आबांचं सगळं आयुष्य दोंडाईच्याच्या एका जिनिंगमध्ये गेलं. जळगावात घर बांधून बरीच वर्षं झाली, पण घरात ते बोलतात अहिराणीच. रोहिणी हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. "आबा, मोटारीच्या इंजिनाला नाही का पाणी फिरवत? तसंच. आतली गरमी पाणी उचलतं, वरच्या रेडिएटरपर्यंत नेतं, आणि पंखे ती बाहेर फेकतात."

"मंग ठीक शे," आबा म्हणाले आणि हॉलमधल्या आपल्या पलंगावर जाऊन पडले.

ठीक नव्हतं हे एप्रिलच्या मध्यावर कळलं.

तिला हैदराबादच्या एका स्टुडिओने परीक्षा म्हणून एक काम दिलं होतं. एखाद्या मिनिटाचं दृश्य, विषय तिच्या मनाचा, मुदत मे संपेपर्यंत. पसंत पडलं तर घरी बसून कायमचं काम. नाहीच जमलं तर आबांनी एक पर्याय काढून ठेवला होता. धुळ्यात त्यांच्या ओळखीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा जूनपासून रिकामी होत होती आणि शाळावाले होकाराची वाट बघत होते. नोकरी वाईट नव्हती. पण रोहिणी त्या शाळेचा विषय निघाला की ताटातली भाकरी कुस्करत बसायची.

दृश्यासाठी तिने केळीची बाग घेतली. भर मे महिन्यातली, रावेरकडची, उष्ण वाऱ्यात सापडलेली. पानं फाटतात, त्यांच्या चिंध्या एकमेकींवर आपटतात, खोडं कलतात आणि मागे सातपुडा धुरकट होऊन थरथरतो. प्रत्येक पानाची प्रत्येक चिंधी वाऱ्यात कशी हलेल, तिची सावली कुठे पडेल, याचा हिशोब कॉम्प्युटर करणार आणि एकेक चित्र रंगवणार. त्याला ते लोक रेंडर म्हणतात. मशीन तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालावं लागतं. पुण्यात ते चालायचं. आमच्याकडे दुपारी ते हळूहळू तापत जाई, पंखे किंचाळायला लागत, आणि मग सगळं एकदम काळं. आत शिल्लक राही ती फक्त काच, आणि काचेत आमचे दोघींचे पडलेले चेहरे.

कूलरसमोर ठेवून बघितलं. कूलरमधून बारीक तुषार आले आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके काचेवर उमटले. रोहिणीने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या काकू पीठभरल्या हातांनी धावत आल्या. एसी आमच्याकडे नव्हता, आबांच्या सांध्यांना तो सोसत नसे. शेवटी उत्तरेकडची खोली रिकामी केली, मशीन तिथे नेलं, कूलर लांब पॅसेजमध्ये ठेवला. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांत पुण्यापासूनची धूळ आणि आमच्याकडची काळ्या मातीची भुकटी घट्ट बसली होती, ती मऊ ब्रशने काढली. थोडा फरक पडला. पण थोडाच.

"पंखे बदलावे लागतील," रोहिणी म्हणाली. "हे थकलेत."

आणि इथे मी गोष्टीत शिरले. तोपर्यंत मी चहा आणून देणारी वहिनी होते. तिच्या दुःखाबद्दल काय बोलावं ते मला सुचत नसे, आणि तिला ते कोणी बोललेलं नको असे. पंख्यांबद्दल मात्र आम्ही दोघी बोलू शकत होतो. किती बोललो! उत्तरपत्रिका तपासून झाल्या की मी तिच्या खोलीत जाऊन बसायची, कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून मधे ठेवायच्या, आणि स्क्रीनवर एकामागून एक पंखे. काळे, पांढरे, तपकिरी, सात पात्यांचे, नऊ पात्यांचे. एवढासा, तळहातापेक्षा थोडा मोठा तो पंखा, पण त्याचं वर्णन वाचावं तर उपवर मुलीचं स्थळ सांगितल्यासारखं. शांत स्वभावाचा, दीर्घायुषी, कोणत्याही घरात सामावून जाणारा.

आम्ही भुललो. ज्याच्या वर्णनात हवेचा आकडा सगळ्यांत मोठा होता आणि ज्याच्या पात्यांतून इंद्रधनुष्य फिरत होतं, तो मागवला. तीन नग. कुरिअरवाला आला तेव्हा दोघी उन्हात अनवाणी फाटकापर्यंत पळालो आणि तापलेल्या फरशीवर पाय नाचवत खोकं घेतलं. पंखे बसवले, बटण दाबलं, आणि त्या उत्तरेच्या अंधाऱ्या खोलीत रंगांचा असा सोहळा झाला की मी टाळ्या वाजवल्या.

रेंडर सुरू केलं. मशीन तापलं. आधीसारखंच तापलं. किंचाळलं. बंद.

आबा दारात उभे होते. "रंगीत दिवा देखीसन कोन्ही थंड व्हस का, माय?" ते म्हणाले. मुलीला ते माय म्हणतात. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. मग त्यांनी विचारलं, "त्या शाळावालास्ले काय सांगू?"

"थोडं थांबा, आबा," रोहिणी म्हणाली.

ती गेल्यावर मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि रेडिएटरवर हात धरून बघितला. खालून पंखे जोरात फिरत होते, आणि वरून जिथून हवा बाहेर यायची तिथे जेमतेम फुंकर. तेवढी हवा गेली कुठे? मी हात खाली सरकवला. पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीपाशी माझ्या बोटांना वारा लागला. हवा वर जायच्या ऐवजी कडेने मागे फिरत होती. मला नवल वाटत राहिलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. वीस वर्षं फिजिक्स शिकवूनही कधीकधी साधी गोष्ट डोळ्यांसमोर यायला वेळ लागतो.

ती डोळ्यांसमोर आली रावेरला.

माझा नवरा हेमंत तिथल्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये व्यवस्थापक आहे. त्या रविवारी त्याला कामावर जायचंच होतं. तो म्हणाला, "चला दोघी. थंड खोलीत बसा. इथे एकमेकींची तोंडं बघून काय करताय?" आम्ही गेलो. रस्त्याने दोन्हीकडे बागा, घड लादलेले ट्रॅक्टर, त्यांच्यावर पानांची झाकणं, आणि खिडकीतून भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारख्या झळा. आणि मग पॅकहाऊसचा तो जाड दरवाजा सरकला, आणि आम्ही एकदम दुसऱ्या ऋतूत शिरलो. अंगावर काटा आला. हिरव्या केळ्यांचा, ओल्या पुठ्ठ्याचा, थोडा चिकाचा वास. रोहिणीने डोळे मिटून घेतले.

आत खोक्यांच्या दोन उंच रांगा होत्या, मधे बोळ, आणि बोळाच्या वर व समोरून ताणून बसवलेली ताडपत्री. टोकाला एक भलामोठा पंखा घोंघावत होता.

"ताडपत्री कशाला रे?" मी सहज विचारलं.

"नसेल तर केळी थंडच होणार नाहीत," हेमंत म्हणाला. "पंखा या बोळातली हवा ओढतो. वरून, समोरून सगळं बंद. मग खोलीतल्या थंड हवेला बोळात यायचं तर खोक्यांच्या भोकांतूनच यावं लागतं. केळ्यांना घासून. तेव्हा कुठे आतली गरमी निघते."

"आणि ताडपत्री काढली तर?"

"तर हवा कशाला भोकांतून जाईल? सोपा रस्ता घेईल. वरून निघून जाईल. खोली थंड, केळी गरम."

रोहिणीने माझा दंड पकडला. तिची बोटं बर्फासारखी गार होती. "वहिनी," ती म्हणाली, "फट!"

"फट," मी म्हणाले. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात फळ्यावर काढल्यासारखी आकृती उभी राहिली. पंख्याच्या वर्णनातला तो मोठा आकडा पंख्यासमोर काहीच नसतानाचा! मोकळ्या मैदानात कोणीही धावेल. आमच्या पंख्यापुढे मैदान कुठे होतं? दाट पत्र्यांची भिंत होती. तिथे रेटा लागतो. किती हवा हलवतो हे बघून चालणार नाही, अडथळा आला तर किती दाबाने ढकलतो ते बघायला हवं. तो आकडा वर्णनात खाली, बारीक अक्षरांत असतो. आणि ढकललेली हवा कडेने निसटू नये म्हणून फट बुजवायला हवी.

मी हे सगळं त्या थंड खोलीत मोठ्यामोठ्याने, हातवारे करत बोलत होते. खोकी उचलणाऱ्या दोघीतिघी थांबून बघायला लागल्या. हेमंत संकोचून म्हणाला, "अगं हळू. लोकांना वाटेल भांडण झालं."

मी अजूनही अकरावीच्या वर्गात दाब शिकवते तेव्हा ताडपत्रीचं उदाहरण देते. केळीच्या घरची मुलं असतात, त्यांना ते लगेच पटतं. पण मला स्वतःला ते पटलं त्या दिवशी जो आनंद झाला, तो मुलांना कसा द्यायचा, हे अजून जमलेलं नाही. तो बहुधा घामेजल्या अंगाने थंड खोलीत शिरल्याशिवाय मिळत नसावा.

आता नवे पंखे हवे होते आणि मे अर्धा सरला होता. पार्सलची वाट बघायला वेळ नव्हता, आणि आकड्यांवरचा आमचा विश्वासही उडाला होता. आता पंखे हातात धरून, हवा अंगावर घेऊन निवडायचे. जळगावात चौकशी केली, तिथून एकाने धुळ्याच्या इम्रानभाईंचं नाव सांगितलं. असली पाण्याची मशीन हौसेने बांधणारा इकडे तोच एक.

सकाळच्या एसटीने निघालो. पारोळ्यापर्यंत खिडकी उघडी ठेवता आली, पुढे ती लावावी लागली. धुळ्याच्या त्या सरळ आखलेल्या गल्ल्यांपैकी एकीत, वरच्या मजल्यावर इम्रानभाईंचं दुकान. चाळिशीचा, बारीक दाढीचा, बोलका माणूस. त्याचे वडील आणि आजोबा पेटीकूलर बनवायचे, दुकानाच्या खालच्या मजल्यावर भावाचा अजून तोच धंदा होता, पत्र्यावर हातोडीचा आवाज सतत वर येत होता. शोकेसमध्ये त्याने स्वतःसाठी बांधलेलं एक मशीन होतं. रोहिणी आधी त्याच्याकडेच गेली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

मी आमच्या इंद्रधनुषी पंख्याचा फोटो दाखवला. इम्रानभाई हसला. "मॅडम, ये तो हीरो है. नाचायला ठेवा, काम नका सांगू."

मग त्याने एक रिकामा जाड रेडिएटर टेबलावर उभा केला आणि सुरू झाली आमची परीक्षा. एकेक पंखा रेडिएटरला घट्ट धरायचा, वायर जोडायची, आणि पलीकडे रोहिणी कागदाची बारीक पट्टी घेऊन उभी. पट्टी किती उडते ते बघायचं. पहिल्या पंख्याने पट्टी नुसती थरथरली. दुसऱ्याने थोडी उचलली. तिसरा पंखा रुंद पात्यांचा, पाती आणि चौकट यांत केसाएवढं अंतर. तो सुरू होताच पट्टी टाणकन आडवी झाली.

"आला!" रोहिणी ओरडली. "वहिनी, वारा आला पलीकडे!"

मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले, गाल पुढे केला. खरंच, त्या दाट पत्र्यांतून गाळून आलेला वारा माझ्या गालाला लागत होता. खालून इम्रानभाईचा भाऊ हातोडी तशीच हातात घेऊन वर आला, काय झालं बघायला. त्यालाही गाल पुढे करायला लावला.

पण अजून एक पंखा होता, त्याहून वेगवान. पट्टी त्यानेही आडवी केली, जरा जास्तच ताठ. मात्र त्याला एक बारीक, दातांत शिरणारी शिट्टी होती.

"थंडावा पाहिजे तर हा घ्या," इम्रानभाई म्हणाला. "आवाजाचं काय, सवय होते."

मलाही तेच वाटलं. मुदत जवळ आली होती, जरा शिट्टी वाजली तर वाजली. पण रोहिणीने दोन्ही पंखे आळीपाळीने लावले, डोळे मिटले आणि ऐकत राहिली. गाणं ऐकावं तशी. रुंद पात्यांच्या पंख्याचा आवाज खोल, एकसारखा होता, लांबच्या शेतात मोटर चालू असावी तसा.

"काम मिळालं तर हा आवाज मला रोज ऐकायचाय, वहिनी," ती म्हणाली. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शिट्टी नको. हाच."

मिळालं तर, असं ती म्हणाली होती खरी, पण पुढचं वाक्य तिने मिळाल्यासारखंच उच्चारलं. आल्यापासून प्रथमच ती पुढच्या वर्षाबद्दल, त्याच्या पुढच्या वर्षाबद्दल काही ठरवत होती. मी शिट्टीवाला पंखा बाजूला सारला.

अडचण एवढीच होती की तसले पंखे दुकानात दोनच होते. इम्रानभाईने कपाटं उपसली, खोकी उलटी केली. मग कमरेवर हात ठेवून शोकेसमधल्या आपल्या मशीनकडे बघत राहिला.

"नको, नको," रोहिणी त्याच्या मनातलं ओळखून म्हणाली. "तुमचं आहे ते."

"माझं काय, मॅडम, मी रात्री दोन गेम खेळतो. तुमची तर रोजीरोटी आहे." त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला. "फक्त ते काम झालं की मला दाखवायचं. केळीची पानं म्हणता ना? मला मोठ्या स्क्रीनवर बघायचीत." आणि शोकेसची काच उघडून त्याने आपला पंखा काढून दिला, वर फोमच्या पट्टीचं एक रीळ दिलं आणि खाली आम्हाला ताकाचा ग्लास घेतल्याशिवाय सोडलं नाही.

परतीच्या एसटीत पंख्यांची पिशवी रोहिणीने मांडीवर घेतली होती. बाहेर सगळं पांढरं झालं होतं, आभाळ, जमीन, निंबांची झाडंसुद्धा. मधेच ती पिशवीत बोट घालून पातं फिरवून बघे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंखे बसवले. रेडिएटरच्या कडेने फोमची पट्टी मी लावली, एकाही कोपऱ्यात फट ठेवली नाही. रेंडर सुरू झालं. दुपार चढत गेली. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातला पाण्याच्या तापमानाचा आकडा वर सरकत होता आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत कलिंगड खात होतो, म्हणजे हातात फोडी होत्या आणि खायचं विसरलो होतो. आकडा नेहमीच्या जागी पोहोचला, जिथे किंचाळी सुरू व्हायची. तिथून थोडा वर गेला. आणि थांबला.

थांबलाच. मशीन हुंकारत होतं, आणि स्क्रीनवर केळीचं एकेक पान उमटत होतं. पहिल्यांदा धुरकट, मग शीर दिसे, मग फाटलेली कड, मग तिच्यातून आलेला उन्हाचा पट्टा. रोहिणीच्या हातातल्या कलिंगडाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी तिला कळलं नाही.

आबा झोपेतून उठून आले. आम्हाला वाटलं, आवाजाने जाग आली. पण ते खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले आणि चहाची वेळ टळून गेली तरी बसून राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "हाऊ आवाज चाली. झोपाले बरा शे."

त्यानंतर ते रोज दुपारी येऊन बसायचे. शाळेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मुदतीच्या आत दृश्य पूर्ण झालं. रोहिणीने ते पाठवलं आणि दोन दिवस घरातल्या सगळ्या फोनच्या आवाजाला आम्ही दचकत राहिलो. मग स्टुडिओच्या मुख्य बाईंनी तिला व्हिडिओ कॉल केला. काम सफाईदार आहे, त्या म्हणाल्या, उजेड सुरेख आहे. पण वारा फार अति झालाय. केळीची पानं अशी चवताळत नाहीत. तो कमी करून, हळुवार डोलणारी पानं करून परत पाठव.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "कर कमी. आता मशीन साथ देतंय, दोन दिवसांचं काम. आधी नोकरी मिळू दे."

रोहिणी खिडकीशी उभी होती. "कमी करता येईल," ती म्हणाली. "पण मग ते रावेर नाही राहणार. हळुवार डोलणारी केळी कुठेही असते, वहिनी."

"मग काय करायचं?"

"त्यांना रावेर दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हेमंतच्या ओळखीच्या एका बागेच्या बांधावर आम्ही दोघी फोन रोखून उभ्या राहिलो. आणि वारा पडलेला! एक पान हलेना. बाग शहाण्या मुलीसारखी हात जोडून उभी. निंबाखाली बसलो, बाटलीतलं कोमट पाणी संपवलं. मला तर त्या बाईंचंच खरं वाटायला लागलं होतं. आणि मग पलीकडच्या बांधावर धुळीची एक भिंत उभी राहिली, लांबून पावलं आपटत यावं तसा आवाज झाला, आणि वारा आमच्यावर आदळला. माझी ओढणी उडून तोंडावर गुंडाळली. ती सोडवून बघते तर सगळी बाग उलटीपालटी होत होती. पानांची पांढुरकी पाठ वर येत होती, चिंध्या चटाचटा आपटत होत्या, खोडं पार कलून परत उभी राहत होती. रोहिणी दोन्ही हातांनी फोन धरून वाऱ्यात घुसली होती. ती हसत होती का ओरडत होती, मला ऐकू आलं नाही.

तिने तिथूनच, बांधावरूनच ते चित्रण पाठवलं. खाली दोनच शब्द लिहिले, हे खरं.

आम्ही रस्त्याकडे निघालोही नव्हतो तेवढ्यात उत्तर आलं. तिने वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला. वारा तसाच ठेवा, असं लिहिलं होतं. एक चिंधीही बदलू नका. एक तारखेपासून रुजू होता येईल का?

आम्ही एकमेकींना मिठी मारली का, आठवत नाही. धुळीने दोघींचे डोळे गळत होते, तेवढं आठवतं. मग रोहिणीने घरी फोन लावला आणि एवढ्या वाऱ्यात ऐकू यावं म्हणून ओरडून बोलली, "आबा! काम मिळालं! त्या धुळ्याच्या शाळेला नाही म्हणून कळवा!"

फोन स्पीकरवर होता. आबा शांतपणे म्हणाले, "कळाई दिधं मी. तू धाडं ना ते काम, त्याच दिन."

"पण तेव्हा तर माझं काहीच ठरलं नव्हतं, आबा!"

"ठरेल नव्हतं. पन मी देखेल होतं ना बठ्ठं." सगळं बघितलं होतं त्यांनी, रोज दुपारी, खुर्चीत बसून.

रोहिणी बांधावर बसली. ती काहीतरी बोलली, ते वाऱ्याने उडवून नेलं. मी फोन तिच्या तोंडाजवळ धरून उभी राहिले. वारा पुन्हा वाढला, बाग पुन्हा उसळली, आणि फोनमधून आबांचा आवाज येत राहिला, "बोल ना, माय. काय म्हनी ऱ्हायनी? नुसता वारा ऐकू येस."